सातला, ताईसाठी

४ मार्च, मंगळवार

खोटं बोलले. ताईशी! फोनवर तिनं विचारलं, "सातचं चाललंय ना?" मी म्हटलं, "चाललंय की. रोज." जीभ जराही अडखळली नाही.

तिच्या पोटात गाठ निघाली तेव्हा मीच शब्द दिला होता — ऑपरेशन होईपर्यंत रोज संध्याकाळी सातला गुडघे टेकून तुझ्यासाठी प्रार्थना करीन. ती तिकडे, दहा तासांच्या प्रवासावर. मी इथे. दुसरं काय करणार होते? चार दिवस केली. पाचव्या दिवशी गुडघ्यांवर असतानाच वाटलं, त्या गाठीचं नाव एकदा फोनवर बघावं. साडेआठला उठले. पायांना मुंग्या. प्रार्थनेचा एक शब्द नाही. याला महिना झाला.

६ मार्च, गुरुवार

आजही तेच. आधी टक्केवारी — शंभरातल्या किती जणी वाचतात. एका ठिकाणी साठ, दुसरीकडे अठ्ठेचाळीस. मग एक बाई गाठ विरघळवणारा रस सांगते. मग एक उपदेशक ओरडतो, हा व्हिडिओ अकरा जणांना पाठवा, देव आजच चमत्कार करील. पाठवला! मी! मग मांजरं. मग कुणाचं तरी स्वयंपाकघर.

बायबलमधलं रोजचं वचनही फोनवरच येतं. त्याला लाल बदाम दिला की भक्ती झाल्यासारखं वाटतं.

७ मार्च

"प्रभू —" एवढंच. पुढे सुचलं नाही.

९ मार्च, रविवार

उपासनेनंतर पाळकांनी चर्चच्या दारात थांबवलं. "बहीण कशी आहे? आणि तुम्ही?"

"देवावर सोपवलंय."

चोराच्या मनात चांदणं — वाटलं, पर्समधला फोन आत्ता वाजणार. सोपवलंय कसलं! सोपवलेली वस्तू माणूस दर दहा मिनिटांनी काढून बघतो का?

घरी एकटीचं ताट. समोर पाण्याच्या तांब्याला टेकवलेला फोन. तो बंद केला की खोली फार मोठी होते.

१२ मार्च, बुधवार

दातांच्या दवाखान्यात, कामावर, एक कवळी बिघडवली. मेणात दात बसवताना शेजारी व्हिडिओ चालू. वरचे पुढचे दोन दात अदलाबदल — उजवा डावीकडे! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पंचवीस वर्षांत तुमच्या हातून असं कधी झालं नाही." खुर्चीतले म्हातारे मास्तर आरशात बघून म्हणाले, "अहो बाई, या दातांनी मी हसायचं की रडायचं?" सगळे हसले. मीही.

मग मागच्या खोलीत जाऊन मेण पुन्हा तापवलं. फोन ड्रॉवरमध्ये टाकला. तासभर फक्त ज्योत, मेण, दात. आणि कळलं — मी घाबरलेय. इतके दिवस बोटानं पुढे पुढे ढकलत होते ती भीती. ताई मरेल. आईमागं माझ्या वेण्या तिनंच घातल्या. ती गेली तर मला घरातल्या नावानं हाक मारणारं कुणी उरणार नाही.

आणि हे मी देवाला सांगितलंच नाही. तो 'नाही' म्हणाला तर? फोन कधी नाही म्हणत नाही. दुसरं काहीतरी दाखवतो.

१३ मार्च, गुरुवार

सात वाजता फोन कपाटात, कपाटाला कुलूप. गुडघे टेकले. अकरा मिनिटं, त्यातलं बरंचसं रडणंच. उत्तर आलं नाही. पण उठल्यावर लगेच कपाटाकडे धावले नाही.

परवा तिचं ऑपरेशन. माझ्या खोट्याच्या भरवशावर तिला आत जाऊ देणार नाही. उद्या सांगायचं.

१४ मार्च, शुक्रवार

सांगितलं. "ताई, मी सातला प्रार्थना करत नव्हते. फोन बघत बसायचे."

ती म्हणाली, "माहीत आहे गं. सातला तुला दोन शब्द पाठवावे म्हणून बघायचे, तर तू ऑनलाइन. रोजच. म्हटलं, पोरगी एकटी पडलीय, तिला जमत नाहीये. मग ती वेळ मीच घेतली."

"घेतली म्हणजे?"

"म्हणजे सातला मी तुझ्यासाठी प्रार्थना करत होते."