मुऱ्हाळी

१२ एप्रिल, सोमवार

खरं सांगतो, ही वही मिळून बावीस दिवस झाले आणि पहिलं पान आज उघडतोय. अरविंद सरांनी कामावर घेतलं त्याच दिवशी हातात ठेवली, रोज दोन ओळी लिहीत जा म्हणाले. मी हो म्हटलं. मग पेन नव्हतं. पेन आणायला निघालो तर शनवाऱ्याच्या दरवाजाशी एक जण जुनं शिलाई मशीन खोलून बसला होता, तिथंच दुपार गेली. माझं सगळं असंच. नववीतून शाळा सुटली तीही अशीच. सोडली नाही, वाटेत काहीतरी बघत राहिलो.

पण इथं मन लागलंय. सुरतेत लूमवर, इंदूरला ढाब्यावर, मग एका मंडपवाल्याबरोबर, सगळीकडून पळालो. इथून पळावंसं वाटत नाही. बुऱ्हाणपूरला शनवाऱ्यात दुमजली घर, खाली केंद्र, वर माझी खोली. आता दवाखान्यात सुई-गोळीबरोबर चष्मापण लिहून देतात, तसे लिहून दिलेले लोक इथं येतात. चष्मा मतलब डोळ्यांवर बांधायचा काळा डबा. तो बांधला की माणूस दुसऱ्याच जागी. कुणाचा लकव्याचा पाय, कुणाचा न वळणारा खांदा. सर सांगतात, डोक्याला चांगल्या जागी फिरवून आणलं की ते दुखणं विसरतं, मग पाय ऐकायला लागतो. मी डबा बांधतो, माणूस दोन दांड्यांच्या मध्ये चालतो, मी कोपर धरून शेजारी. नंतर स्पिरिटच्या कापसानं डबा पुसायचा, नाडी आणि ताप लिहायचा. खोलीत एसी आहे. आईला कळवायला पाहिजे की पोरगा एसीत काम करतो. उद्या कळवतो.

१५ एप्रिल

कंपनीनं डब्यात बर्फाचे डोंगर आणि समुद्र भरून दिलाय. देवरामकाका बर्फात शिरले की उपरणं कानावरून गुंडाळून घेतात, बाहेर बेचाळीस डिग्री चालू असताना. रंभाबाईनं समुद्र बघितला आणि लुगडं घोट्याच्या वर धरलं ते सोडेचना. तिचा डावा पाय लकव्यानं गेलाय. वय साठीचं, जीभ पंचविशीची. मला म्हणते, गोटू, तुला तुझ्या आईनं जेवायला घातलं की फक्त बाहेर काढून दिलं? सरांना म्हणाली की डॉक्टरबाबू, फिरवायचंच तर ओळखीच्या ठिकाणी फिरव, या समुद्रात मेलं मी कोणाला राम राम घालू?

सरांना ते पटलं. आपणच एक जागा भरू म्हणाले, केळीची बाग. बांबूच्या टोकाला गोल कॅमेरा बांधून मला उद्या पाठवतायत. कुठं, तर फोपनारला.

नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं की कारण सांगावं लागतं.

१९ एप्रिल

बाग झकास उतरली. दोन्हीकडे पानांची कमान, पाटात पाणी, पिशव्या घातलेले घड, आणि पायवाट पुढं जाऊन फाट्यावर निघते. तिथं सिमेंटचा बाक, गाड्या थांबतात ती जागा. रंभाबाईनं डबा बांधल्यावर आधी चपला काढल्या, मग विचारलं की बाग कोणाची, त्याला विचारलं का. मी म्हटलं, विचारलं. मगच पाय उचलला. नऊ पावलं चालली. सरांनी टाळ्या वाजवल्या.

फोपनारला माझी बहीण दिली होती. कोकिळा. ती जाऊन तीन वर्षं झाली. मी कॅमेरा घेऊन बागेतल्या बागेतच फिरलो, गावात पाय टाकला नाही.

२४ एप्रिल

रंभाबाई आज एकवीस पावलं चालली, फाट्यापर्यंत. डबा काढल्यावर म्हणाली, बाकावर एक पोरगी बसून राहिली आहे, मांडीवर मोरपंखी पिशवी. उन्हात बसलीय येडी, तिला सावलीला बोलाव. मी म्हटलं, फिल्म आहे मावशी, त्या दिवशी कोणी बसली असेल.

दुपारी कॉम्प्युटरवर सगळी बाग चारी बाजूंनी फिरवून बघितली. बाक रिकामा आहे.

मोरपंखी पिशवी आईनं शिवली होती. अशा पिशव्या खूप जणींकडे असतात.

२६ एप्रिल

देवरामकाकांनाही दिसली. त्यांना तिनं विचारलं म्हणे, बुऱ्हाणपूरची गाडी गेली का? काकांनी सांगितलं, बाई, मला ऐकू कमी येतं. सर हसले. म्हणाले, एकानं सांगितलं की दुसऱ्याला दिसतं, डोकं असंच असतं.

काकांचा ताप बघितला. शंभर. ओठ कोरडे पडलेले. दोन तांबे पाणी प्याले.

२८ एप्रिल

रंभाबाई एकशे दोन. एसी अठरावर असताना तिचं कपाळ तव्यासारखं. सरांनी डबे उघडून बॅटऱ्या तपासल्या, काही सापडलं नाही. उद्या येऊ नका म्हणाले. ती ऐकते कशाला. म्हणाली, माझा पाय चालायला लागलाय आणि तुम्ही मला घरी बसवता?

मग माझ्याकडे वळून सांगत बसली. पोरीशी बोलणं झालं म्हणे. आखाजीच्या सणाला माहेरी निघालीय. भाऊ मुऱ्हाळी येणार आहे न्यायला, म्हणून बसलीय. मी विचारलं की मग एकटी जात का नाही, गाडी तर थांबते. रंभाबाई माझ्यावर उखडली. आखाजीला लेक आपल्या पायानं निघते का रे? मुऱ्हाळी आल्याशिवाय निघाली तर सासरचे काय म्हणतील, आणि नुसतीच परत घरात शिरली तर सासू जन्मभर टोचेल. बसेल नाही तर काय करेल बिचारी?

आणि म्हणाली, भावाचा जरासुद्धा राग नाही हो तिला. सांगत होती, त्याची गाडी पंक्चर झालीय. येईलच.

२९ एप्रिल

पंक्चर झाली नव्हती.

हे मी कुठं लिहिलेलं नाही, कोणाला सांगितलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी आखाजीला मीच मुऱ्हाळी होतो. कोकिळाला निरोप दिला होता की दहाला फाट्यावर उभी राहा. आईनं कडुलिंबाला झोका बांधला, सांजोऱ्या केल्या. मी वेळेवर निघालो. शनवाऱ्यात माझा दोस्त रमेश भेटला, नवीन गाडी घेऊन असीरगढला चालला होता. चल, एक चक्कर मारू, तासाभरात परत. किल्ला चढलो. वर वारा छान होता. भिंतीच्या सावलीत डोळा लागला.

उठलो तेव्हा चार वाजले होते. फाट्यावर पोचलो तर बाकावर फक्त पिशवी. लोक तिला उचलून घेऊन गेले होते. उन्हाची लू लागली. दुसऱ्या दिवशी गेली.

पंक्चरचं मी आईला सांगितलं. फक्त आईला, आणि ते कोकिळाला जाळून आल्यावर.

मग तिला कोणी सांगितलं?

झोक्याची दोरी आईनं अजून सोडलेली नाही.

३ मे

सरांनी ठरवलं. बागेत काहीतरी बिघाड आहे, सगळ्यांना ताप येतो. दहा तारखेला कंपनीचा माणूस येऊन ती पुसून टाकणार. तोवर कोणी बाग लावायची नाही.

पुसून टाकणार म्हणजे बाकावरची ती कुठं जाणार?

आखाजी नऊ तारखेला आहे. म्हणजे सहा दिवस आहेत. पुष्कळ आहेत. एकदा डबा बांधायचा, बाग लावायची, पायवाटेनं जायचं, म्हणायचं कोकी चल. पाच मिनिटांचं काम.

५ मे

आज जाणार होतो. पाण्याची मोटर बिघडली, ती बघत बसलो.

७ मे

रंभाबाई बरी नसताना आली, रिक्षातून. गेटवरच्या सुकलालच्या खांद्याला धरून उतरली. सरांनी समुद्र लावून दिला. ती समुद्रात उभी राहून म्हणाली, पोरीला कोणी पाणी दिलं का रे?

८ मे, शनिवार

गेलो.

सर बाहेर गेले होते, दुपारी बाराला. पानं. पाटाचा आवाज. दहा-बारा पावलांत पाठ भाजायला लागली, एसीचा आवाज कानात होता तरी. फाटा दिसला. बाक. ती पाठमोरी. मानेवर घामाची पांढरी रेघ, वेणीत धूळ. पिशवी मांडीवर घट्ट. पाऊल वाजलं म्हणून मान वळवायला लागली—

मी डबा फेकला. तिचं तोंड बघितलं नाही. नाही बघू शकलो.

दारात रंभाबाई उभी होती, काठीवर. कधी आली माहीत नाही. म्हणाली, नाक सारखंच आहे रे तुमचं, मला पहिल्याच दिवशी कळायला पाहिजे होतं. मी तिला सगळं सांगितलं. किल्ल्याचं, झोपेचंही. शिव्या देईल वाटलं. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. म्हणाली, उद्या आखाजी आहे. दहाला मी येते, दोघं जाऊ, पोरीसोबत एक बाईमाणूस असलेलं बरं. आणि जाता जाता म्हणाली, तू नाही आलास तर मीच घेऊन येईन तिला, मग तुझं तोंड बघते.

दहाला. मी शपथ घेतलीय.

९ मे, सकाळी आठ

आंघोळ केली. धुतलेला शर्ट. रविवार आहे, सर नाहीत, चावी सुकलालकडे आहे. मुऱ्हाळी रिकाम्या हातानं जात नाही, आई नेहमी म्हणायची. बांगड्या घेऊन येतो. हिरव्या. डब्यात बांगड्या नेता येत नाहीत, ठाऊक आहे मला. तरी. अर्ध्या तासात परत.

चार वाजता

बांगडीवाल्याचा पंखा बंद होता. तो उकाड्यानं हैराण झालेला. मी म्हटलं, बघू, पेचकस आहे का. एवढंच. वायरच सुटली होती, दोन मिनिटांचं काम, मग पातं घासत होतं, ते सरळ केलं, मग—

परत आलो तेव्हा पावणेएक.

रंभाबाई दहाला आली होती. सुकलालनं खोली उघडून दिली, त्याला काय माहीत. अकरापर्यंत वाट बघितली म्हणे माझी. मग डबा तिनं स्वतः बांधला. बाग तिनंच लावली. दांड्यांच्या मध्ये बसलेली सापडली, हात पुढं केलेला, कोणाचा तरी हात धरल्यासारखा. एकशे सात. ओठ फुटलेले. एसी चालू.

मी आणि रिक्षावाल्यानं उचलून नेली. दवाखान्यात अडीच वाजता गेली. डॉक्टर म्हणाले, लू. विचारलं, उन्हात किती वेळ होती?

मी काय सांगू. तिच्या मुलाला मी काय सांगितलं माहीत आहे? रिक्षा पंक्चर झाली म्हणून उशीर झाला—

तोंडातून आपोआप आलं.

पाच

कॉम्प्युटरवर बाग लावली. डबा नाही, नुसती कॉम्प्युटरवर. बाक रिकामा. पण तो आधीही रिकामाच होता. तिथं काही कळत नाही.

बांगड्या टेबलावर आहेत. अंदाजानं आणल्या. कोकीचा हात केवढा होता, तेच आठवत नाही—

आईला फोन करायला पाहिजे. आधी हे लिहून—

साडेपाच

सुकलाल खालून हाक मारतोय. रंभाबाई गेली हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. दवाखान्यातून मी मागच्या जिन्यानं आलो.

हसतोय तो. म्हणतो, गोटू, उतर लवकर, तुझी रंभाबाई आली बघ. काठीबिठी काही नाही, दणादण चालत आली. उगाच घाबरवलं म्हणे आम्हाला. बरोबर कोणी पोरगी आहे, तिचा हात धरून, मोरपंखी पिशवी—

पाणी मागतेय ती पोरगी. विचारतेय, भावाचं पंक्चर निघालं का—

जिन्यावर दोघींची पावलं आहेत. एक पाय जरा ओढत. नाही, ओढत नाही आता.

जातो. उठतोच आहे. दार मीच उघडायला पाहिजे, मुऱ्हाळी मी आहे. ही एवढी ओळ झाली की