डावी कड

बाबा,

हॉलच्या भिंतीवर चिकटवलेला पेपर काढू नका, अजून लागेल. सकाळी नवी लेन्स स्टँडवर लावली आणि हात न लावता, टायमरवर त्या पेपरचे बारा फोटो काढले. बाराही फोटोंत डावीकडची अक्षरं पुसट आहेत. आतली काच कारखान्यातूनच तिरकी बसून आली आहे.

म्हणजे रविवारच्या लग्नात फोटो तुमच्या हातामुळे बिघडले नाहीत. हात थरथरला तर अख्खा फोटो हलतो, एकच कड नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. तरी मी चार लोकांदेखत तुमच्या हातातून कॅमेरा काढून घेतला.

लेन्स घेऊन दुकानात जातोय. बदलून द्यायची मुदत आज संध्याकाळी संपते, आणि 'तुम्हीच पाडली असेल' म्हणून हात झटकायला दुकानदार टपलेलाच आहे. वाद घालण्यात दिवस जाईल. चारच्या शूटला मी पोचत नाही.

तिथे तुमच्याऐवजी दुसरा फोटोग्राफर सांगून ठेवला होता. त्याला येऊ नको म्हणून कळवलंय. जुनी लेन्स लावून बॅग दाराशी ठेवली आहे. कॅमेऱ्याचा पट्टा पुन्हा तुमच्या मापाचा केलाय.