तेजूचा कॉम्प्युटर

प्रिय तेजू,

फोनवर तोंड उघडेना, म्हणून लिहितोय. शेजारच्या जाईबाई तळेगावला येतायत, त्यांच्या हाती देतोय. शेखररावांसमोर उघडू नकोस.

चार वर्षांपूर्वी तुझी हैदराबादच्या कंपनीची ऑनलाइन परीक्षा होती. आठवडा उरला आणि आपला कॉम्प्युटर एकाएकी स्लो झाला. साधी फाईल उघडायला पाच-पाच मिनिटं. तू अँटिव्हायरस चालवलास, नको ते प्रोग्रॅम काढलेस, कॅबिनेट उघडून पंख्यातली धूळ झाडलीस. आतली रिकामी खाच तुझ्या डोळ्यांसमोर होती, पण तुला काय कळणार? चाकणला कंपनीत पंचवीस वर्षं मेंटेनन्स मी केलं होतं. म्हणून तू मलाच विचारलंस, "आबा, काय झालं असेल?" मी म्हणालो, "जागा भरली असेल. आईचे व्हिडिओ केवढे आहेत, ते काढून बघ."

तिला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. भाकरी थापता थापता ती म्हणायची, "माझं कसलं शूटिंग करतीस गं, दुसरं काम न्हाई व्हय तुला?" तिचा आवाज तेवढाच उरला होता. तू एकेक व्हिडिओ पूर्ण बघितलास आणि पुसलास. मी मागे चहा पीत बसलो होतो. त्या खाचेतून मीच काढलेली रॅमची पट्टी माझ्या खिशात होती.

परीक्षेत चौदाव्या प्रश्नावर स्क्रीन थिजला तो वेळ संपेपर्यंत. तू माझ्याच खांद्यावर रडलीस. पुढे शेखररावांचं स्थळ आणलं, तर फोटोही न बघता हो म्हणालीस. मला तेच हवं होतं. तू लांब गेलीस तर तळवड्याच्या या घरात मी एकटा पडेन, ही माझी भीती. लोकांना मात्र मुलीची काळजी म्हणून सांगत होतो. लग्न ठरल्यावर पट्टी गुपचूप परत बसवली. मशीन पळायला लागलं, तेव्हा तू म्हणालीस, "बघा आबा, उशिरा का होईना, व्हिडिओ पुसल्याचा उपयोग झाला." मी मान हलवली.

परवा तू फोनवर किती खुशीत होतीस. रविवारी पुन्हा परीक्षा देतेयस म्हणालीस. मग म्हणालीस, "पण आबा, इथलाही कॉम्प्युटर सोमवारपासून अचानक स्लो झालाय. सोनूचे जन्मापासूनचे फोटो काढून टाकू का?" मी फोन ठेवून दिला. तेजू, एकही फोटो पुसू नकोस. दिवाळीत जेवताना शेखररावांनी मला हळूच विचारलं होतं, "हिनं नोकरीचं फारच मनावर घेतलंय, काय करावं?" आणि मी हसत हसत त्यांना सगळं सांगितलं होतं.

'तुझाच' असं लिहायला हात धजत नाही,
आबा