उतरवलेली कौलं

नावडे, ४ मे २०२५

चि. देवजीस गोजराताईचे अ. आ. वि. वि.

मी बरी आहे. ऐकू येणं जवळजवळ बंदच झालंय, फोनचा उपयोग नाही. तुझा केतन तळोज्याला कामावर येताना पत्र पोचवतो, म्हणून बरं.

तू बिल्डिंगीत राहायला गेल्यापासून तळवलीचं आपलं घर बंद पडलंय, त्याचा मला घोर लागलाय. गटाराचं पाणी भिंतीत मुरतंय, पालिकेला तुझे अर्ज दिसत नाहीत का? सूनबाई उन्नती मला जिवापाड जपते, तरी चौथ्या मजल्यावर जीव रमत नाही. पावसाळ्याआधी मी आपल्या घरी राहायला येणार. बाबा करायचे तशी सगळी कौलं परत, म्हणजे उतरव, धू आणि पुन्हा चढव. आळशीपणा करून वर ताडपत्री टाकलीस तर लहानपणीसारखा कान पिळीन.

माया आहे ती राहू दे.
गोजराताई

तळवली, १६ मे

ती. गोजराताईस देवजीचा शि. सा. न.

कानाच्या भीतीने तुझं ऐकलं. मी आणि केतनने छप्पर मोकळं केलं, कौलं धुऊन अंगणात रचली. आणि ताई, इतकी वर्षं गटारासाठी बोलावूनही न फिरकलेले पालिकेचे लोक नेमके त्याच दुपारी पावसाळ्याआधीच्या पाहणीला आले. कौलं परततोय, चार दिवसांत पुन्हा चढवतो, असं काकुळतीला येऊन सांगितलं. साहेब तरुण, कौलं परतताना त्याने कधी पाहिलं नसावं. वर छप्पर नाही, आत माणूस नाही, मग याला घर कसं म्हणायचं, असं त्याने मलाच विचारलं. भिंतीवर लाल रंगाने 'धोकादायक' लिहून गेले. पाडणार म्हणतात. केतन बेलापूरच्या कचेरीत खेटे घालतोय, कोणी भेटत नाही. मला काही सुचत नाही. तू मोठी, तूच सांग.

डोक्यावरचा हात काढू नकोस.
देवजी

नावडे, १८ मे

चि. देवजीस अ. आ.

रडत बसू नकोस. मिळतील ती माणसं घे, कौलं चढव. चूल पेटव, धूर दिसू दे. त्यांना आत माणूस हवा ना? उद्या वळकटी घेऊन मीच येते. मी बसल्यावर कोण पाडतो बघू. उन्नती अडवते आहे, मी जुमानत नाही. ते घर गेलं तर मला माहेर उरत नाही रे देवजी.

तुझीच,
गोजराताई

तळवली, १९ मे

चि. सौ. उन्नतीस देवजीमामाचे आ.

हे फोनवर सांगण्यासारखं नाही. केतनला चिठ्ठी देऊन पाठवतोय. सकाळी आम्ही कौलं चढवत असतानाच मशीन आलं. सगळ्यांच्या पाया पडलो. दुपारपर्यंत जमीन सपाट झाली.

त्यानंतर ताई रिक्षातून उतरली. रडली नाही. जिथे दार होतं तिथे चपला काढल्या, आत चालत गेली आणि मला विचारलं, "देवजी, चुलीची जागा कंची रं?"

मी त्या घरात जन्मलो, उन्नती. सगळ्या मातीत फिरलो, मला दाखवता आली नाही. ती वळकटी छातीशी धरून उभीच आहे. जागा सांगितल्याशिवाय बसणार नाही म्हणते.

लवकर ये.
देवजीमामा