पडद्यातली हजेरी

१४ ऑक्टोबर
झरी जामणी तालुक्याच्या पार आत, जंगलाला लागून असलेल्या या गावात आज मी मराठीची नवी बाई म्हणून रुजू झाले. यवतमाळहून निघताना आई अशी रडली, जणू मी काळ्या पाण्यावरच चालले! शाळा इवलीशी, पण झकास. पोरं घरी कोलामी बोलतात, मराठीला बिचकतात. म्हणून वर्गात बोलका पडदा बसवलाय. तो प्रत्येकाचा आवाज ओळखतो, चुका सुधारतो, बाईच्या आवाजात गप्पा मारतो. सगळ्यांत चुरुचुरु बोलते ती खुशी. पडद्यातल्या बाईंना जेवायला कोण देतं, असं तिनं मला विचारलं. हसून हसून पोट दुखलं.

५ नोव्हेंबर
यंदाही बोंडअळीनं कापूस खाल्ला. घरंच्या घरं तेलंगणात वेचणीला निघाली. खुशीही तिच्या आईबरोबर, कौसल्याबाईंबरोबर गेली. हजेरी घटली की शाळा बंद. वरचे साहेब हजेरी पडद्यावरूनच ऐकतात. मुख्याध्यापक नंदकिशोर सर म्हणाले, पोरांचे आवाज पडद्यात आहेतच, त्यांनाच 'हजर' म्हणू द्या. पोरं परततील तेव्हा शाळा जागेवर असायला हवी ना! मला पटलं.

२० नोव्हेंबर
वर्ग रिकामा, हजेरी पूर्ण. मी कधीच न शिकवलेली कविता आज खुशीच्या आवाजानं म्हटली. मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, यंत्र हुशार आहे.

९ डिसेंबर
वेचणीवरून माणसं परतली. खुशी धावत येऊन मला बिलगली. तोंड उघडलं, पण आवाजच नाही. कौसल्याबाई दारातच रडू लागल्या, "बाई, तिकडे गेलतो तवापासून पोरगी मुकी झाली. तिचा आवाज इथंच राह्यला. वापस द्या ना!" तेवढ्यात पडद्यातून खुशी म्हणाली, हजर.
बाकीची पोरंही तशीच. नुसती माझ्याकडे बघतात. ही माझी करणी.

१० डिसेंबर
पडद्याची वायर उपटली. आवाज थांबत नाहीत. सरांना विचारलं, तर नुसती मान हलवतात — म्हणजे त्यांचाही —

११ डिसेंबर
सकाळपासून खुशीला हाक मारतेय. माझे ओठ हलतात, आवाज निघत नाही.
वर्गात हजेरी सुरू झाली. माझ्याच आवाजात. एकेक नाव. आतून उत्तरं येताहेत. पोरं सगळी बाहेर, माझ्याजवळ. खुशीनं माझं बोट घट्ट धरलंय —
शेवटचं नाव घेतलं. भैरवीबाई. माझं.
मी ओठ मिटून घेतले, हातानं दाबून धरले. तरी आतून माझाच आवाज — हजर.