हापशाचा वेल

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

मूळ लावलं! न्हाणीच्या भिंतीलगत, मागच्या अंगणात. तातेरावनी आणलं — ओल्या पोत्यात गुंडाळून, ट्रकच्या केबिनमध्ये पायाशी ठेवून, पार हिमाचलातून वडीगोद्रीला. दिसायला काय तर वाळक्या दोरीचा तुकडा. आत्यांनी हातात घेऊन वास घेतला न् म्हणाल्या, "हे मेलंय."

"न्हाई मावशी, झोपलंय."

"मंग माझ्यापेक्षा बरं हाय."

हसलो तिघंबी. पण हसण्यासारखं न्हाई ते. आमचे मालक मल्हारी गेले तेव्हापासून आत्यांच्या डोळ्याला डोळा न्हाई. (सासूबाई मी कधी म्हटलंच न्हाई, लग्न झालं त्या दिवसापासून आत्याच.) रात्रभर कूस बदलत्यात, उठून बसत्यात, पुन्हा आडव्या. अंबडच्या डॉक्टरनी गोळ्या दिल्या तर चक्कर येऊन ओट्यावरून पडल्या. गोळ्या बंद. झोपबी बंद.

मल्हारींचे दोस्त तातेराव ट्रकमध्ये सफरचंदं भरायला गेल्ते. दरड पडून रस्ता अडला न् एका म्हातारीच्या घरी मुक्काम पडला. तिच्या बांधावर हे वेल. फुलं बिअरमध्ये टाकत्यात म्हणे, पण म्हातारी उरलेली फुलं वाळवून उशीत भरती. डोकं टेकलं की झोप! तातेरावना आत्यांची आठवण झाली, मूळ मागूनच घेतलं.

नाव हॉप. आत्यांच्या जिभेवर बसंना. "हाप… हाप… हापसा!"

झालं. आता हापसाच.

८ डिसेंबर

काही न्हाई. माती तशीच. शेजारच्या साळूबाई विचारून गेल्या, "हापसा घेतला म्हणं? पाणी कधी लागतंय?" कळशी घेऊनच आल्त्या!

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

गल्लीतल्या बाया नटून वाण लुटायला गेल्या. मला कोण बोलावतंय. मी शिलाई मशीनवर बसले. एक बाही उलटी लागली, उसवली, पुन्हा उलटीच लागली. आत्या माझ्याकडं बघून राह्यल्या होत्या.

मंग मागं भांडी घासायला गेले — न् कोंब! जांभळा, टोकदार, मातीला फोडून वर! मी ओरडलेच. आत्या काठी न घेता धावत आल्या. खाली बसल्या, बोटानं माती सारली. "अगं, दोन हायेत. जोडीनं आलेत."

मला माझं वाण मिळालं.

९ फेब्रुवारी

हट्टी झाड! छपरापासून सुतळी सोडली, घेवड्याला देते तसा पीळ देऊन वेल गुंडाळला. सकाळी बघते तर सोडून मोकळा. पुन्हा गुंडाळला. पुन्हा मोकळा. हातावर ओरखडे किती — दांडीला बारीक काटेरी लव हाय, मांजरीच्या जिभेसारखी.

तातेरावनी फोन जोडून दिला. तिकडून म्हातारीची नात हसत हिंदीत बोलली, "उसको छोड दो दीदी, वो सूरज के साथ घूमती है." म्हणजे मीच उलटीकडून ओढत होते. सोडून दिला तर आपला आपण वळला, सुतळी धरली न् निघाला वर. आज संध्याकाळी माझ्या खांद्याला लागला!

२३ मार्च

आज गंमत. पोलीस पाटील गोरक्षनाथ आले. चेहरा गंभीर. कुणीतरी कान भरलेले — रेणुका घरामागं गांजा लावून राह्यली.

मी घाबरले. आत्या न्हाई. "बस रे, चहा घे," म्हणाल्या. पाटलांनी पानं चोळून बघितली, फोटो काढला, फोनवर कुणाला तरी दाखवला. म्हणाले, "काकू, खरं सांगा. नशेचं हाय का?"

"गांजा असता तर मी अशी जागी राह्यले असते का? कधीच पडले असते घोरत!"

पाटलांना ठसकाच लागला. बशीतला चहा शर्टावर. जाताना म्हणाले, "उशी जमली तर मलाबी एक शिवा वहिनी. आमच्या घरी ही घोरती, मी जागा."

कृषी सहायकांना विचारलं तर म्हणाले, दोन्ही एकाच कुळातली झाडं. म्हणजे भावकीच की! पाटलांना न्हाई सांगितलं.

११ मे

ऊन न्हाई, भट्टी हाय. पानांच्या कडा पापडासारख्या. ओली पोती टांगली, बुडाला उसाचं पाचट टाकलं. तरी दुपारी मान टाकतो.

मुबारकभाई हायवेवर बर्फाचा गोळा विकतात. त्यांच्याकडून बर्फाचा चुरा आणून पाचटावर पसरते. आज बघायलाच आले. "भाभी, झाड को गोला खिला रहे? कालाखट्टा भी डाल देऊं?" मंग म्हणाले, "अम्मा के लिए है ना? रोज ले जाओ. पैसे का नाम नको."

आत्यांनी दुपारची बाज वेलाजवळ ओढून घेतली. म्हणे, "त्याला सोबत."

१९ मे

जळला. उत्तरेकडचा एक दांडा हिरवा, बाकी सगळा वाळून कुरकुरीत. पाचोळा हातात घेऊन बसले न् रडले. झाडासाठी कोण रडतं? मी रडले. एवढं एक करायचं होतं आत्यांसाठी, तेबी जमलं न्हाई.

तातेरावचा राजस्थानातून फोन. त्यांच्याकडंबी वारा न् ऊन, नीट ऐकू येईना. "मूळ उकरून बघा. आत पांढरं हाय का?"

हाय म्हटलं.

"मंग कशाला रडता? वरचं गेलं, ते कापून टाका. मूळ हाय तोवर वेल येतोच."

कापलं. त्यांचं बोलणं कानात राह्यलं. त्यांचंबी असंच, वरचं गेलेलं. लग्न झालं, फारकत झाली, मंग ट्रक न् रस्ता एवढंच. कधी कुरकुर केलेली ऐकली न्हाई.

१५ जून

फुटला!! एक न्हाई, सगळ्या बाजूंनी!

२० जुलै

तातेराव आल्ते. वेलावर बल्ब लावून दिला. तिकडं उन्हाळ्यात दिवस लांब असतो, आपला आखूड. त्यामुळं वेल वाढायच्या आधीच फुलावर येतो म्हणे. दिवेलागणीनंतर थोडा वेळ बल्ब ठेवला की त्याला वाटतं दिवस अजून हाय. फसवायचं त्याला! साळूबाई म्हणाल्या, "तुमच्या झाडाचं लग्न हाय का? लायटिंग केली म्हणून विचारते."

शिडी मी धरली होती. वरून ते म्हणाले, "पक्कड द्या अहो."

अहो. वहिनी न्हाई. मल्हारीसंगं शाळेत होते, पहिल्यापासून वहिनीच म्हणायचे. मी पक्कड दिली. आत्या बाजेवरून बघून राह्यल्या होत्या. मी उगीचच म्हटलं, "बल्ब चांगला हाय." अजून लागलाबी न्हवता!

काय हे. पुरे आता. पान उलटते.

३ ऑगस्ट

आज नवं हिरवं ब्लाउज घातलं. उगीच. कापड उरलं होतं.

ट्रक आला न्हाई. जालन्यात माल उतरवायला उशीर झाला असंल.

२४ ऑगस्ट

फांद्यांच्या बेचक्यात बारीक झुबके, पांढऱ्या मिशा फुटलेले. म्हातारीच्या नातीला फोटो पाठवला. तिनं सगळ्या घराला दाखवला म्हणे. फोनवर म्हातारीचा आवाज आला, भाषा कळली न्हाई, पण ती हसून राह्यली होती. इकडं आत्याबी फोनमध्ये तोंड घालून जोरात, "तुमचा हापसा लई गुणाचा!" दोघी आपापल्या भाषेत बोलत बसल्या. एकीला दुसरीचं ठार कळत न्हाई, पण फोन ठेवंनात!

१४ सप्टेंबर

तोडणी! फुलं म्हणजे फिकट हिरवे कंदीलच, कागदाच्या पाकळ्या एकावर एक. दाबलं की चुरचुर वाजतं. आत पिवळी पूड, हळदीसारखी, पण बोटाला चिकटती. वास — काय सांगू — संत्र्याचं साल, ओलं गवत न् मागून लसणासारखा जरासा झोंबरा. कडू तर इतकं की मी जीभ लावली न् आत्यांनी तोंडात गूळ कोंबला.

पहिलं वर्ष, त्यात वेल जळून फुटलेला. म्हणून फुलं थोडीच, सुपाचा तळ झाकंल एवढी. तरी काय झालं! आमच्या वडीगोद्रीत, ह्या उन्हात! सावलीत चादरीवर पसरलीत. येणारा जाणारा वास घेऊन जातो. मुबारकभाईंनी घेतला, "माशाल्ला" म्हणाले. हायवेवरचे दोघं जण विचारून गेले, "बिअर कधी?" आत्यांनी काठी दाखवली.

२ ऑक्टोबर, दसरा

उशी तयार. आत नवा कापूस, मधोमध फुलं. खोळ मऊ मलमलची, कडेला बारीक झालर लावली. तातेराव सोनं द्यायला आले तेव्हा आत्यांच्या हातात दिली. आत्यांनी गालाला लावली, खूप वेळ. "हिनं वर्षभर ह्याच्यासाठी हात ओरबाडून घेतले," त्यांना म्हणाल्या. मंग आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मी चहाला आत गेले.

देवा, आज झोपू दे त्यांना.

३ ऑक्टोबर

न्हाई. सकाळी डोळे तसेच लाल.

"वास लई चांगला हाय गं," म्हणाल्या. "जागं राह्यला बरं वाटलं."

५ ऑक्टोबर

आजबी न्हाई. आत्यांनी उशी माझ्याकडं फेकली, "तूच घेऊन बघ." दुपारी जेवण झाल्यावर जरा टेकले — शिलाईचं दुकान उघडायची वेळ टळून गेली तरी जाग न्हाई! गिऱ्हाइकं दार वाजवून गेली. आत्या हसून हसून बेजार.

मीबी हसले. पण आत कुठंतरी खचले. वेल आला, फुलं आली, उशी झाली, न् ज्यांच्यासाठी केलं त्यांना गुणच न्हाई.

"पुढच्या वर्षी फुलं जास्त येतील," मी म्हटलं. "तेव्हा दाट भरू."

आत्या म्हणाल्या, "तातेरावला निरोप दे. उद्या परवा येऊन जा म्हणावं."

कशाला? सांगंनात.

८ ऑक्टोबर

तातेराव काल आल्ते. आत्यांनी बसवलं न् माझ्यासमोरच विचारलं, "हिच्यासंगं पाट लावतो का? आपल्यात बाईचं दुसरं लगीन लावत्यात. माझ्या आईचाबी पाटच होता."

ते उठून उभेच राह्यले. "आधी त्यांना विचारा मावशी."

माझ्या हातात कातर तशीच. मी म्हटलं, तुम्हाला सोडून मी कुठं जायची न्हाई. आत्या भडकल्याच, "तुला देऊन कोण राह्यलंय? मी त्यालाच घरात घेऊन राह्यले!" मंग हळू, "पोरगा गेला त्याचं रडून झालं गं माझं. मी जागी होते ती तुझ्या काळजीनं."

मी हो म्हटलं.

आज चहा गार झाला तरी आत्या उठल्या न्हाईत. दारातून वाकून बघितलं — घोरून राह्यल्यात. उशी माझ्याकडंच हाय.