दाजींच्या गाडीतला नवा गॅस

तासगाव,
२१ मे १९९८

सुभेदार हंबीरराव दाजी, मुक्काम मलकापूर, यांच्या पायांवर धाकटा मेहुणा सयाजी (टोपी काढून) डोकं टेकवतो.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे, म्हैस व्यायली का आणि हल्ली घरात स्वयंपाक कोण करतंय, हे सवडीनं कळवावं. शेवटचा प्रश्न माझा नाही, माझ्या मंडळींचा, म्हणजे उमाचा आहे. (उमा म्हणते, अक्कानं विचारायला सांगितलंय. अक्का म्हणते, मी कशाला विचारू?) अक्काची तब्येत झकास आहे. रोज पहाटे उठून ती आमच्या घराला वळण लावते. तिच्या हातच्या आमटीनं दोन आठवड्यांत माझ्या सदऱ्याची खालची दोन बटणं लागेनाशी झालीत. तेव्हा माझ्या बाजूनं विचाराल तर कसलीच घाई नाही.

पण तुमच्या बाजूनं असणार, म्हणून गाडीची हकीकत सविस्तर लिहितो. दोष कुणाचा, यात मी शिरत नाही. पण दोन उन्हाळे एसी बंद असताना, भर मे महिन्यात, मलकापूरपासून सांगलीच्या लग्नाच्या कार्यालयापर्यंत चारी काचा वर चढवून यायचं, आणि ते कशासाठी? तर रस्त्यानं बघणाऱ्याला वाटावं, सुभेदारांच्या गाडीत एसी चालू आहे! हे पलटणीत उभा जन्म काढलेल्या माणसालाच जमावं. अक्का बिचारी साधी बाई. ती गाडीतून उतरली तेव्हा कुंकू नाकाच्या शेंड्यापर्यंत आलं होतं, आणि नवरीच्या मावशीनं चारचौघांत विचारलं, "वाटेत वळिवानं गाठलं का हो?" झालं! अक्कानं तिथंच जाहीर केलं, की ही गाडी गार झाल्याशिवाय मी मलकापूरची पायरी चढणार नाही. तुम्हीही काही कमी नाही. "घे, कर गार, आणि दे हिला पाठवून," म्हणून किल्ली माझ्या अंगावर फेकलीत आणि पंगत बसायच्या आधी एष्टी धरलीत. (जिलेबी होती. कुरकुरीत होती.) दाजी, मी आज चेष्टेनं लिहितोय, पण त्या दिवशी अक्काला घेऊन तासगावला येताना गाडी मलकापूरकडं वळवावी असं दोनदा मनात आलं होतं. सव्वीस वर्षांचा संसार, आणि तो येऊन अडला कशावर, तर गॅसवर.

आमच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर नाथाजी म्हणून एक मिस्त्री आहे. माणूस हुशार, पण बोलायला लागला की आपण शाळेत नापास झालोय असं वाटायला लावतो. त्यानं बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि तिथनंच निकाल दिला. "समदा ग्यास गळून गेलाय. ह्यो जुना ग्यास आता जगात बंद होत चाललाय. त्येनं आभाळाला भोक पडतंय म्हणं. नवा ग्यास घालू." आता आभाळाच्या भोकाचं मला एरवी काही पडलेलं नव्हतं. पण गेल्या मार्चात माझा बेदाणा शेडवर वाळत असताना नेमका अवकाळी कुठून गळला, याचा मला तिथं उलगडा झाला. तुमचा एसी गळत होता! (हे मी मनाला लावून घेतलेलं नाही. माल थोडा काळा पडला, एवढंच.)

तर नवा गॅस. तुम्हाला वाटेल, जुना संपला, नवा भरला, काम झालं. छे! नव्या गॅसला जुनं तेल चालत नाही, जुने रबराचे वायसर चालत नाहीत, आत ओल शोषून घ्यायची एक डबी असते तीही नवी लागते. नाथाजीनं सगळ्या नळ्या काढून धुतल्या, आमच्या अंगणात दोरीवर वाळत घातल्या आणि अक्कानं त्यांच्या शेजारी कुरडया घातल्या. तीन दिवस हे चाललं. मी मध्ये मध्ये सूचना देत होतो. नाथाजी त्या ऐकत नव्हता.

चौथ्या दिवशी गॅस भरायची वेळ आली आणि तिथं माझं चुकलं. खोटं कशाला सांगू? नाथाजी म्हणाला, जुना जेवढा बसायचा त्यापेक्षा नवा कमीच घालायचा असतो. माझं टाळकंच सणकलं. आमच्या दुकानात आबांच्या काळापासून पद्धत आहे, माप भरलं की वर एक मूठ टाकायची, मग गिऱ्हाईक कुणी का असेना. आणि इथं गाडी कुणाची, तर घरच्या जावयाची! जावयाला माप कमी घालायचं? उद्या तुम्हीच चारचौघांत म्हणाला असता, मेहुण्यानं हात आखडला. मी नाथाजीला बजावलं, पुरं भर आणि वर एक मूठ टाक. तो म्हणाला, "आवं, ग्यासाला मूठ नसती!" मी म्हणालो, तू टाक. त्यानं हात जोडले आणि टाकली.

गाडी सुरू केली. अक्काला मानानं मागं बसवली, काचा वर केल्या (या वेळी कारणानं) आणि बाजारपेठेतून निघालो. पहिल्यांदा थोडं गार लागलं. मग कोमट. मग भट्टीसमोर बसल्यागत वाफा. मी म्हणतोय, "अक्का, दम धर, जोर धरतोय," एवढ्यात बॉनेटखाली ठाऽप्प झालं आणि पांढरा धूर! नळी फुटली होती. दोन ट्रॅक्टर आणि एक एष्टी जागच्या जागी थांबली. अक्का शांतपणे उतरली, पदर सारखा केला आणि जमलेल्या सगळ्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सासरी उकडून निघाले, म्हायेरी येऊन शिजले." आणि चालत घरी गेली. लोक हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार?

नाथाजीनं नवी नळी घालून सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी गॅसचा सिलिंडर माझ्याच दुकानातल्या काट्यावर ठेवला, मला दहा पावलं लांब उभं केलं, आणि बेतानं कमीच भरला. आणि दाजी, काय सांगू! असं गार झालंय की काचेवर बाहेरून दव धरतं. जावयाला कमी घातलेलं मानवतं, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. आता तुमच्या मनात किंतु नसावा. अक्काची अट पुरी झाली, तुमचा शब्द राहिला आणि मला बरं वाटलं.

थोरांना दंडवत, म्हशीच्या पाठीवर थाप.

तुमचाच,
सयाजी

ता. क. : एक बारीकसं राहिलं. अक्काला मी उद्याच्या एष्टीत बसवून देतो. गाडी मात्र महिनाभर इकडंच राहू द्यावी. नव्या गॅसला एकदम लांबचा प्रवास सोसत नाही, असं नाथाजी म्हणतो. (मी विचारलं, तर म्हणेल.) शिवाय परगावचे व्यापारी येतायत, त्यांना गारव्यात बसवलं की भावाला घासाघीस करत नाहीत.

आवं, सयाजीनं पत्र डिंक लावायला माज्याकडं दिलंय म्हणून खाली लिहिती. गाडी गार हून आठ दिवस झाले. ह्यो एकटाच हिंडतोय. मला एकदा बसवलं तर गारव्यानं खांदं धरलं, मीच बंद करायला लावलं. ते गार-गरम सोडा. सव्वीस वर्सं झाली, मी म्हायेरी आले की तुमी कधी गडी पाठवता, कधी चिठ्ठी, आन आता तर गाडीची किल्ली. न्यायला म्हणून तुमी सोता एकदाबी आला न्हाईसा. मी उद्याच्या एष्टीत बसणार न्हाई. सोमवारी पुरणपोळी करणार हाय. मंगळवारी आलासा तर शिळी मिळंल.